माळ्यावरच्या दहा वेबसाइट

आमच्या धंद्यात केलेलं काम टिकत नाही, हे आधीच सांगून टाकते. वेबसाइट जुनी होते. मालक रंग बदलतो, फोटो बदलतो, एखादा तर धंदाच बदलतो. पण ती वेबसाइट करताना जे काही झालेलं असतं ना, ते मात्र जाता जात नाही. गिऱ्हाईक येताना एक लोगो आणतं, दोन हललेले फोटो आणतं आणि एक किस्सा आणतं. लोगो आणि फोटो दहा फोन केल्याशिवाय मिळत नाहीत. किस्सा आपोआप येतो!

माझ्याकडे तर इतके साठलेत, की चहाला चारजणी बसल्या की एक तरी म्हणतेच, "वैशाली, तो शटरचा सांग." शटरचा सांगितला की नारळाचा निघतो, आणि नारळाचा निघाला की भाजी करपते. तेव्हा गॅस बंद करून या. सगळेच सांगते.

आधी आम्ही कोण ते ऐका. मी बदलापूरची. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बारा वर्षं कॉम्प्युटरवर बसून डिस्पॅच बघायचे. एक दिवस कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि मी इथेच राहिले. मग मुलाखती दिल्या. समोरचा माणूस आधी माझ्या अर्जातल्या जन्मतारखेकडे बघायचा, मग वर पंख्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "कळवतो हं." कोणी कळवलं नाही. वेबसाइट करायला मी घरीच शिकले, मोबाईलवर व्हिडिओ बघून, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

हरेश आमच्या कारखान्याला पुठ्ठ्याचे बॉक्स पुरवायचा. उल्हासनगर कॅम्प दोनचा सिंधी, आणि बोलण्यात असा पटाईत की नकार द्यायला आलेला माणूस ऑर्डर देऊन जाईल. तो म्हणाला, "वैशालीताई, तुम्ही बनवा. बेचना मेरा काम."

त्याच्या वडिलांचं, म्हणजे परसूशेठचं, कॅम्प दोनच्या मार्केटात मोबाईलच्या सामानाचं दुकान. कव्हर, ग्लास, चार्जर, हेडफोन. दुकानावर लाकडी माळा, त्याला मागच्या गल्लीतून वेगळा जिना. तो माळा म्हणजे आमचं ऑफिस! उभं राहिलं की माझं डोकं लागत नाही, हरेशचं लागतं.

पहिल्याच दिवशी परसूशेठ वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "वेबसाइट कोण बघतो? सब मोबाइल में है. उद्या मोबाईल चश्म्यात येणार, परसों अंगठीत येणार. दुनिया छोटी होते आहे आणि तुम्ही लोक मोठं मोठं बनवायला निघालेत!"

मग त्यांनी अट घातली. "चेटीचंडपर्यंत दहा वेबसाइट. दहा गिऱ्हाईक, घरचा एक नाही चालणार. झाल्या तर माळा तुमचा. नाही झाल्या तर माळ्यावर माझा स्टॉक."

चेटीचंड म्हणजे सिंध्यांचं नवीन वर्ष, आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागेच येतं. हातात सहा महिने होते. हरेशचं काय, तो खाली गल्ल्यावर जाऊन बसला असता. मला मात्र परत जाऊन बसायला कुठेही खुर्ची नव्हती. त्यामुळे तो दहाचा आकडा मला भाकरी थापतानाही दिसायचा.

*

सुरुवात आमच्या स्वतःच्या वेबसाइटपासून. आमचे फोटो, आमचा पत्ता, "आम्ही वेबसाइट बनवतो" वगैरे. सकाळी चालू केली आणि संध्याकाळी आकडा बघितला तर दोनशेच्या वर लोक येऊन गेलेले!

हरेश माळ्यावर नाचला आणि त्याचं डोकं वाशाला आपटलं. तरी नाचतच होता. मी खाली जाऊन पेढे आणले, परसूशेठना दिले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "दोनशे में से फोन कितने आए?"

फोन एकही आलेला नव्हता.

घरी गेले तर सासूबाई सोफ्यावर, मांडीवर मोबाईल, डोळे लाल. म्हणाल्या, "सकाळपासून दाखवतेय गं सगळ्यांना. ए विंग झाली, बी विंग झाली. भाजीवालीलाही दाखवलं. प्रत्येक वेळी बंद करून नव्यानं उघडते, म्हणजे तुझा फोटो ताजा येतो."

मला हसू का रडू कळेना. बारा वर्षं नोकरी केली, तेव्हा या बाईनं शेजारणीला माझ्या कारखान्याचं नावही सांगितलं नव्हतं.

*

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे पडदे आणि चादरींच्या दुकानाचे मालक, नानकशेठ. सगळं पसंत पडलं. फक्त प्रत्येक चादरीखाली मी किंमत लिहिली होती, ती बघून ते खुर्चीतून उठलेच.

"भाव काढा! भाव लिहिला तर गिऱ्हाईक माझ्याशी बोलणार कशाला?"

"अहो, पण लोकांना भाव कळायला नको?"

"कळायला हवा. माझ्या तोंडून! आधी बसेल, पाणी पिईल, दहा चादरी उलगडेल. भाव असा डायरेक्ट सांगतात का? काही रीत असते का नाही?"

त्यांचंही बरोबर होतं. मी किंमत काढली आणि खाली बटण ठेवलं, "भाव विचारा". दाबलं की शेठना फोन. आठ दिवसांत शेठ खूश. मग स्वतःच म्हणाले, "शेजारी अजून एक बटण द्या, 'शेवटचा भाव'. लोक शेवटी तेच विचारतात."

दिलं. पुढच्या आठवड्यात शेठचा फोन. आवाज चढलेला. "मॅडम, पहिलं बटण कोणी दाबतच नाही! येतो तो थेट शेवटच्यावर!"

"मग काढून टाकू का?"

"काढू नका. तिसरं टाका. 'शेवटचा, पण दुकानात आल्यावर'."

ते तिसरं बटण अजूनही आहे, आणि दुकानात बसायला जागा नसते. एक वेबसाइट झाली!

*

आता शटरचा. रंगाच्या डब्यांचं दुकान, मालक मोहनशेठ. वेबसाइट चालू झाली आणि चौथ्या दिवशी मोहनशेठ घामाघूम होऊन माळ्यावर. "बंद करा! पहिले बंद करा, मग बोला!"

झालं असं, की त्यांच्या मार्केटात आठवड्यातून एक दिवस सगळी दुकानं बंद ठेवायची असा व्यापाऱ्यांचा आपापसातला नियम. त्या दिवशी कोणी अर्धं शटर जरी वर केलं तरी मंडळाची माणसं येऊन उभी राहतात. आणि सुट्टीच्या दिवशी मोहनशेठची वेबसाइट चालू! शेजारच्यानं तक्रार केली, "यांचं दुकान उघडं आहे."

मी म्हटलं, "शेठ, वेबसाइटला कुठली सुट्टी?"

"मंडळाला हे कोण सांगणार? तुम्ही सांगता? चला!"

गेले. काय करते! मंडळाच्या ऑफिसात पाच शेठ समोर बसलेले, मध्ये मी. पंधरा मिनिटं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळ्यात म्हाताऱ्या शेठनी विचारलं, "बेटी, सब समझ गया. फक्त हे सांग, शटर कब गिराएगी?"

मग पाडलं शटर! मोहनशेठच्या दुकानाच्या खऱ्या शटरचा फोटो काढला. दर आठवड्याला त्या दिवशी वेबसाइट उघडली की कर्रर आवाज करत शटर खाली येतं आणि बाकी काही दिसत नाही. मंडळाचे दोघं स्वतः मोबाईलवर बघून, खात्री करून गेले.

आता गंमत ऐका. खऱ्या शटरवर मोहनशेठनी आपला मोबाईल नंबर रंगवून ठेवलेला. हाताएवढे आकडे! फोटोत तो आलाच. सुट्टीच्या दिवशी लोक घरी असतात, रंगाचा विचार त्याच दिवशी करतात. वेबसाइट उघडायची, शटर पडायचं, समोर नंबर, की लाव फोन! मोहनशेठचा फोन सुट्टीच्या दिवशी खाली ठेवता येईना.

महिन्याभरानं ते तक्रार करणारे शेजारी आले. म्हणाले, "मला बाकी वेबसाइट नको. फक्त शटर बनवून द्या."

हरेशनं त्यांना अख्खी वेबसाइट गळ्यात मारली, ती गोष्ट वेगळी. तीन झाल्या.

*

चौथी बदलापूरच्या केटररची. नाव सुधाकर, लग्नामुंजीची जेवणं करतो. माणूस देवभोळा. वेबसाइट मुहूर्तावरच चालू झाली पाहिजे, असा हट्ट. गुरुजींनी मुहूर्त काढला, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

खरं सांगायचं तर मी ती वेबसाइट चार दिवस आधीच चालू करून ठेवली होती, चालते का ते बघायला. त्यातून त्याला एका मुंजीची विचारणाही आलेली! ते मी कोणाला बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

त्या दिवशी माळ्यावर सुधाकर, त्याची बायको, आई आणि गुरुजी. लॅपटॉपला हळदकुंकू, झेंडूचा हार. फीत कापायची, पण फीत बांधायची कशाला? शेवटी सुधाकरच्या मोबाईललाच बांधली. आईनं कापली. टाळ्या! मग सुधाकरनं नारळ उचलला आणि मी "थांबा!" म्हणायच्या आत जमिनीवर आपटला.

लाकडी माळा. फळ्यांमध्ये बोटबोट फट. खाली परसूशेठचं दुकान, आणि बरोबर खाली चार्जरचं काउंटर.

मग खालून परसूशेठचा आवाज, सगळ्या मार्केटला ऐकू जाईल असा, "हरेश! ओ हरेश! तेरी वेबसाइट लीक हो रही है!"

सुधाकर पाया पडायला खाली धावला. पण गुरुजी शांतपणे खुर्चीवर बसून राहिले. म्हणाले, "मलाही एक करून द्या. पूजेच्या वेळी माझा मोबाईल बंद असतो, तेवढ्यात यजमान दुसरीकडे जातात. मी मंत्र म्हणत असताना कोणीतरी माझ्या वतीनं 'हो येतो' म्हणायला हवं."

बसल्या बैठकीत चौथी आणि पाचवी!

*

हरेशला मग चढली. अंबरनाथच्या छोट्या कारखानदारांच्या एका सभेत त्यानं भाषण ठेवून घेतलं. विषय, "मोबाईलचं भविष्य". सूट घातला होता, आणि दुपारी दोनची वेळ.

भाषण मात्र छान झालं हं. पडद्यावर चित्रं दाखवली. घडी होणारा फोन, चश्म्यातला फोन, अंगठीतला फोन. "काही वर्षांनी खिशात काहीच ठेवावं लागणार नाही! हवेत बोट फिरवलं की वेबसाइट उघडेल! तेव्हा तुमची वेबसाइट नसेल तर उघडणार काय?" मलाच अंगावर काटा आला.

"कुणाला काही प्रश्न?"

मागच्या रांगेत सावंतकाका उठले. सत्तरीचे, लेथवर पार्ट काढून देण्याचं वर्कशॉप, हाताला ग्रीसचा वास. "भाषण चांगलं झालं. माझं एकच विचारणं आहे."

"विचारा ना काका!"

"त्याला चार्जर कुठला लागेल?"

जी टाळी पडली! हरेशला अख्ख्या भाषणात तेवढी पडली नव्हती. आणि वर तीन जणांनी उठून सांगितलं की घरात सहा चार्जर आहेत आणि एकही लागत नाही.

आम्ही सामान आवरत होतो. वाटलं, गेला दिवस फुकट. तेवढ्यात सावंतकाका जवळ आले. "मला करा एक वेबसाइट. पण माझ्या फोनवर दिसली पाहिजे. मला दिसली नाही म्हणजे झाली नाही." आणि खिशातून फोन काढला. बटणांचा! पडदा काडेपेटीएवढा.

मी वेबसाइट केली. मन लावून केली, त्यांच्या प्रत्येक पार्टचा फोटो काढून. पण काकांच्या फोनवर ती दिसणार कशी? काका हटून बसले. मग मी सगळी वेबसाइट कागदावर रंगीत छापली, पानाला पान चिकटवून, आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "काका, जगाला ती मोबाईलवर दिसेल. तुम्हाला ही."

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. पुण्याच्या एका कंपनीनं वेबसाइट बघून काकांना भेटायला बोलावलं होतं, आणि काका ऑर्डर घेऊन आले होते. तिथल्या साहेबानं विचारलं, "तुमची वेबसाइट जरा उघडता का?" काकांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला, टेबलावर चार घड्या उलगडल्या आणि म्हणाले, "घ्या. घडीची आहे. आणि चार्जर लागत नाही!"

*

सहा झाल्या. मग एक दाताचे डॉक्टर, एक चित्रकलेचा क्लास आणि एक रोपवाटिका. नऊ. आणि चेटीचंडला नऊच दिवस उरलेले. दहावी चिखलोलीच्या एका फ्लॅट विकणाऱ्या दलालाची, सगळं ठरलेलं, मी अर्धीअधिक केलेली. सकाळी त्याचा फोन, "मॅडम, कॅन्सल करा. रील टाकतो रोज, तेवढं बस होतं. आजकल वेबसाइट कौन देखता है?"

त्या दिवशी मी रडले. लपवत नाही. जिन्यात बसून रडले, कारण माळ्यावर हरेश होता आणि खाली परसूशेठ.

परसूशेठनी बघितलंच. चहा घेऊन स्वतः मागच्या गल्लीत आले. माझ्या खालच्या पायरीवर बसले. "बेटा, मैं दुश्मन नहीं हूँ. माल ठेवायला जागा नाही, फुटपाथवर ठेवतो. तू मेहनती आहेस. खाली काउंटर सांभाळ, पगार देतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मायेनं बोलले म्हणून जास्त लागलं. मी चहा प्यायले आणि म्हटलं, "नऊ दिवस आहेत ना अजून, शेठ?"

"हैं," ते म्हणाले.

*

दोन दिवसांनी दुपारी तीन बायका जिना चढून वर आल्या. पुढे जनाबाई, बदलापूरजवळच्या चामटोलीची. साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात काच तडकलेला मोबाईल. खाली काच बदलायला आल्या होत्या. परसूशेठच्या पोरगेल्या नोकरानं सांगितलं, वरती वेबसाइट बनवतात.

"काय गो बाय, ते काय बनवता त्याच्यात नाव लागतं का बाईमाणसाचं?" जनाबाईंनी विचारलं.

म्हटलं, "लागतं की. कोणाचंही लागतं."

मग त्या बसल्या आणि सांगितलं. गावातल्या अकरा जणी मिळून तांदूळ करतात. लावणीपासून झोडणीपर्यंत सगळं त्यांचं. गिरणीवर व्यापारी येतो, तांदूळ घेतो आणि आपल्या छापील पिशवीत भरतो. "पिशवीवर त्याचा फोटो, गो! मिशीवाला! आयुष्यात चिखलात पाय नाय घातला त्यानं. तांदूळ आमचा न् फोटो त्याचा?"

मला इतका राग आला की मी तिथेच लॅपटॉप उघडला.

अकरा जणींचे फोटो काढायला हरेशबरोबर मी चामटोलीला गेले. सगळ्या नेसून, गजरा माळून तयार. आणि भांडण! पहिला फोटो कोणाचा? वयानं लावायचे तर दोघी वय सांगेनात. शेताच्या आकारानं लावायचे तर चौघी रुसल्या. शेवटी जनाबाईंनी निकाल दिला, "वेशीतून आत आलं की घरं जशी लागतात तशी लावा. माझं घर शेवटी हाय, लावा मना शेवटी."

तशीच केली. ती वेबसाइट उघडली की माणूस वेशीतून गावात शिरतो. पहिलं घर, दुसरं घर. घरावर बोट ठेवलं की बाई दिसते, तिचं शेत दिसतं, तिचा तांदूळ दिसतो. शेवटी जनाबाई, हातात ताटली, ताटलीत भात, दाणा न् दाणा सुटा. मी आजवर केलेली सगळ्यात सुंदर वेबसाइट!

परसूशेठनी मोबाईलवर बघितली. अकराच्या अकरा घरं फिरून आले. मला वाटलं, जिंकलो. तर म्हणाले, "अच्छी है. पण यांचं दुकान कुठे आहे? दुकान नाही, पत्ता नाही, विक्री नाही. हे गिऱ्हाईक नाही झालं, ही हौस झाली. नऊच."

मी काही बोलणार, तेवढ्यात हरेश म्हणाला, "पापा, विक्री झाली तर?"

"झाली तर दहा. किलो-दोन किलो नको. विक्री दिसली पाहिजे."

त्याच संध्याकाळी परसूशेठ माल भरायला मुंबईला गेले, दोन-तीन दिवसांसाठी. जाताना सांगून गेले, "येताना टेम्पो घेऊन येतो. माळा रिकामा ठेवा."

हरेशनं त्या वेबसाइटवर पत्ता टाकला आमच्या माळ्याचा. "माल येथे मिळेल." आणि स्वतःच्या आईला मोबाईल उघडून दिला.

इथे एक सांगायला हवं. चेटीचंडला सिंध्यांच्या घरी ताहिरी करतात, म्हणजे केशर आणि सुकामेवा घातलेला गोड भात. भात चिकटला की वर्षाची सुरुवात बिघडली असं समजा. हरेशची आई, सावित्रीआंटी, चष्मा लावून वेशीतून आत शिरली. एकेक घर करत शेवटी जनाबाईंच्या ताटलीपाशी आली आणि थांबली. फोटो बोटांनी मोठा केला. अजून मोठा केला. मग म्हणाली, "हा भात खरा आहे?"

"आंटी, मी स्वतः खाल्लाय," मी म्हटलं.

तिनं दहा किलो सांगितला. आणि मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर ती वेबसाइट टाकली.

पहिल्या दिवशी चाळीस घरांच्या ऑर्डरी आल्या. दुसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडलं. जनाबाईंना फोन केला तर त्या आधी रागावल्या, "थट्टा करतंस काय गो?" मग फोनवर नुसता गलका ऐकू आला, अकरा जणींचा.

चेटीचंडच्या आदल्या दिवशी सकाळी चामटोलीहून टेम्पो आला. गोण्याच गोण्या. हरेश आणि मी गोण्यांखाली वाकलो, आणि अकरा जणी मागून चढल्या. बघता बघता माळा भरला. लॅपटॉप गोणीवर, मी गोणीवर, एकीकडे तराजू, एकीकडे पिशव्या. एकजण मोबाईलवरून नाव वाचतेय, दुसरी मापतेय, तिसरी तोंड बांधतेय. प्रत्येक पिशवीवर ज्या बाईचा तांदूळ तिचा फोटो. सावित्रीआंटी मध्यभागी मांडी घालून, एका चामटोलीच्या आजीला ताहिरीत वेलची किती घालायची ते सिंधीत सांगत होती, आणि आजी तिला मराठीत हो हो म्हणत होती. जिन्यावर कॅम्पातल्या बायकांची रांग.

बरोबर बाराला मागच्या गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. परसूशेठ!

रांगेतल्या बायका भिंतीला सरकल्या. परसूशेठ पुढे, मागे डोक्यावर तीन खोकी घेतलेला हमाल. खाड खाड करत ते जिना चढून आले आणि दारात थबकले. आत बघितलं. गोण्या बघितल्या. तराजू बघितला. माझ्याकडे बघितलं, हरेशकडे बघितलं, मग आपल्या बायकोकडे बघितलं. तिनं मान खाली घालून पिशवीची गाठ मारली.

मी गोणीवरून उठून उभी राहिले.

परसूशेठनी आत पाऊल टाकायला उचललं, आणि कोपऱ्यातून, मापावरची नजर न उचलता, जनाबाई कडाडल्या, "ओ शेठ! चपला खाली काढून या. तांदूळ हाय!"

परसूशेठचं पाऊल हवेतच राहिलं.

मग ते वळले. दोन पायऱ्या उतरले. वाकून दोन्ही चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या, आणि मागच्या हमालाला म्हणाले, "ए, देखता क्या है? तू भी निकाल!"